दातदुखी हे प्रारब्ध नव्हे!

गेल्या पंधरवड्यात एक बौद्ध भगिनी घरभाड्याच्या दाव्यासाठी माझ्याकडे आल्या. गाल सुजलेला, तोंड पुरते उघडत नव्हते. विचारताच म्हणाल्या, "साहेब, दातासाठी पैसे खर्चण्याची आमची ऐपत कुठली?" दाव्याचे कागद बाजूस ठेवून मी त्यांस प्रथम सरकारी रुग्णालयात पाठविले.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, ही एका घरची कथा नव्हे. दात ठणकला की आपण लवंग धरतो, मशेरी लावतो, दुकानातून गोळ्या आणतो. कोठे कोठे कीड पाडण्यासाठी रिंगणीच्या बियांची धुरीही घेतात. ठणका थांबला म्हणजे रोग गेला, हा भ्रम आहे. दाताची नस मेली तरी ठणका थांबतो. पू मुळाशीच राहतो. गोळ्यांनी तो दबतो, जात नाही. पू काढून मुळाचा उपचार करणे किंवा दात काढणे, हाच त्यावर इलाज. ताप आला, सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे पसरली, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर एक रात्रही थांबू नये. हे दुखणे जिवावर बेतते.

पैसा नाही, ही अडचण खरी. परंतु हक्क ठाऊक नसणे ही त्याहून मोठी. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क केले. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांवर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखण्याचे बंधन आहे; त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असावा. सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला आहे. तेव्हा आपण याचक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून त्या दारी जावे.

भगवान बुद्धांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वहस्ते स्नान घातले. हे तुझे प्रारब्ध, असे सांगून ते पुढे गेले नाहीत. जुना धर्म टाकला, तशी मुकाट सोसण्याची जुनी सवयही टाकली पाहिजे. पुढल्या वंदनेनंतर विहारात एवढेच विचारा, कोणाचा दात दुखतो आहे? त्याच्यासोबत रुग्णालयात जा. नकार मिळाला, तर तो लेखी मागा.

जयभीम!