ओळख विचारणाऱ्याची ओळख



आपल्याकडे नवा माणूस दारात आला की पाण्याचा गडवा पुढे करता करताच विचारपूस सुरू होते. गाव कोणते, मूळ गाव कोणते, कोणाकडचे तुम्ही, काय करता जी? विचारणाराही आपले सांगतो. दोन-चार वाक्यांत कुठेतरी नाते निघते, निदान ओळखीचे एखादे घर तरी निघते. ही ओळख दोन्ही बाजूंनी होते. म्हणूनच तिच्या भरवशावर भिशी चालते, महिलांचा बचत गट चालतो आणि मुलामुलींची लग्नेही जुळतात.

पिपरी मेघे येथील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यावरून आजचा विषय घेतला. त्यांचा मुलगा आयटीआय करून देवळीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर जातो. तो मोबाईलवर क्रिप्टो चलनाच्या एका ग्रुपमध्ये सामील झाला. तेथे नव्या सभासदाने आधी आपली ओळख करून द्यावी, असा नियम होता. पूर्ण नाव, गाव, काम, महिन्याची कमाई, घरात शिल्लक किती आणि दोन वर्षांत काय मिळवायचे आहे, हे सारे विचारले होते. मुलाने सर्व लिहून दिले. बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी घरात साठ हजार रुपये ठेवले आहेत, हेसुद्धा लिहिले. लगेच अनेकांनी त्याचे स्वागत केले. त्याच रात्री एका 'सरां'चा फोन आला की एवढी रक्कम घरात पडून का ठेवता? भगिनी विचारतात, "हे खरे की खोटे ते आम्हाले समजत नाही. पोराले काय सांगू?"

त्यांचा प्रश्न आज अनेक घरांचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम हे चलन काय आहे ते पाहू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये 'बिटकॉइन' सुरू झाले. ही नाणी हातात घेता येत नाहीत. ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या एका मोठ्या खातेवहीतील नोंदी आहेत. ती वही कोणीही उघडून पाहू शकतो. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, असा नियम सुरुवातीलाच बांधून दिलेला आहे. हा सातोशी नाकामोतो कोण, एक माणूस की अनेक, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

या व्यवहारातील पहिल्या सभासदानेच आपली ओळख दिली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. त्या खातेवहीला तुमचे नाव, गाव, पगार काहीही लागत नाही. अक्षरे-आकड्यांचा एक लांब पत्ता तिला पुरतो. मग मुलाची कमाई आणि घरातील शिल्लक कोणाला हवी होती? नाण्याला नक्कीच नको होती. ती विकणाऱ्याला हवी होती. कोणत्या घरात किती पैसा आहे, तो कशासाठी ठेवला आहे आणि त्या घराची कोणती आशा गोंजारली म्हणजे तो बाहेर येईल, हे सर्व एका ओळखीत त्याला फुकट मिळाले.

येथे एक फरक सांगितला पाहिजे. कायद्याने नोंदलेल्या खरेदी-विक्री केंद्रावर खाते उघडताना पॅन कार्ड व आधार द्यावे लागते. मार्च २०२३ पासून ही केंद्रे पैशाच्या अफरातफरीविरुद्धच्या कायद्याखाली आली आहेत आणि त्यांना केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ती ओळख कायदा मागतो. ग्रुपमधील 'सर' मागतात ती ओळख कोणत्याही कायद्यात नाही.

आता आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. वर्ध्याहून सकाळी गाडीत बसलेला माणूस दुपारच्या आत ज्या नागपुरातून काम करून परत येतो, तेथील ही गोष्ट आहे. 'इथर ट्रेड एशिया' या नावाची एक योजना होती. 'इथर' हे एका खऱ्या क्रिप्टो चलनाचे नाव असल्याने ऐकणाऱ्याला शंका येत नसे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार २०१७ मध्ये पचमढीला कार्यशाळा घेऊन लोकांना पैसे गुंतवायला लावले गेले, आणि दोन हजारांहून अधिक लोकांचे सुमारे ४० कोटी रुपये त्यात अडकले. गुंतवणूकदारांना पडद्यावर आपली रक्कम वाढलेली दिसत होती. पण ते आकडे फुगवून दाखवलेले होते, असा पोलिसांचा आरोप आहे. मार्च २०२२ मध्ये नागपूर पोलिसांनी मुख्य आरोपीला लोणावळ्यात पकडले. म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, असा तो व्यवहार होता.

त्याहून मोठे प्रकरण 'गेन बिटकॉइन'चे. ही योजना अमित भारद्वाज याने २०१५ मध्ये सुरू केली. जितके बिटकॉइन द्याल त्याच्या १० टक्के दरमहा, अठरा महिने परत, असे आश्वासन होते. आपल्या मायबहिणींनी बोटांवर हिशेब करावा. दरमहा १० टक्के म्हणजे अठरा महिन्यांत १८० टक्के. बँक वर्षभर पैसा ठेवून घेते तेव्हा शंभराला सहा-सात रुपये देते. मग हा एवढा पैसा येत कोठून होता? नवे सभासद आणणाऱ्याला वर कमिशन मिळत होते, यातच उत्तर आहे. नव्याचा पैसा जुन्याला जात होता. २०१७ मध्ये नवे लोक कमी पडू लागले तेव्हा बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरचेच नाणे लोकांच्या हाती ठेवले गेले. त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. पुण्यात गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआय देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडत्या घेत होती. म्हणजे पैसा देऊन दहा वर्षे होत आली तरी लोक वाटच पाहत होते. त्यातही एक कहर झाला. तपासात पोलिसांच्या मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्तीतील नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा आरोप आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, तर राखण कोणी करायची?

कोणी म्हणेल, ही फसव्यांची उदाहरणे झाली, खरे बिटकॉइन तर चालतेच आहे. हे बरोबर आहे. ते चालते आहे आणि ते विकत घेणे आपल्या देशात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारापासून दूर राहण्यास सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पण सरकारने कर घेतला म्हणजे हमी दिली, असे नाही. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. येथे एका रुपयालाही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एक बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या जवळ होते. वर्षभरात ते चार हजारांच्याही खाली आले. जुलै २०२४ मध्ये 'वझीरएक्स' या नावाजलेल्या केंद्रातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली, आणि ग्राहकांना आपली नाणी काढायला वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. श्रीमंताला असा धक्का सोसतो. कंत्राटी कामगाराच्या घरात त्याच धक्क्याने मुलीचे शिक्षण बंद पडते.

पैशाचा विचार आपल्या समाजाला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर कशी राहील आणि चलन वाढवण्याचा अधिकार कोणाच्या मर्जीवर असावा, हे प्रश्न त्यांनी त्या काळी उभे केले. तेव्हा नव्या चलनाबद्दल जाणून घेण्याची आपल्या मुलांची हौस चांगलीच आहे. ती मारू नये. पण शिकायला पैसे गुंतवावे लागत नाहीत. शिकण्याआधी जो पैसे मागतो, त्याला शिकवायचे नसते.

म्हणून पिपरी मेघेच्या भगिनीस आणि अशा सर्व मातांस आमचे सांगणे असे. मुलावर ओरडू नका, त्याच्याजवळ बसा. नव्या ठिकाणी ओळख द्यायची वेळ आली तर "मी शिकायला आलो आहे" एवढे वाक्य पुरे, हे त्याला सांगा. गाव, नोकरी, पगार, घरातील शिल्लक, फोन नंबर यांतले काही लिहू नये. या नाण्यांच्या खात्याला बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक गुप्त किल्ली असते. ती मागणारा कोणीही असो, तो चोर समजावा, कारण एकदा नाणी गेली की ती परत आणणारी बँक येथे नाही. ओटीपीचेही तसेच.

आणि मग मुलाने उलट ओळख विचारावी. पैसा प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात राहणार? त्याचे नाव, पत्ता, नोंदणी कोणती? नफा कशातून येतो? टाकलेली रक्कम उद्याच पूर्ण परत मागितली तर मिळेल काय? दुसऱ्याला आणले तर कमिशन आहे काय? शेवटच्या प्रश्नाला "हो" आले, तर तेथून उठावे. पैसे देऊन बसला असाल तर लाजून गप्प राहू नका. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

अशा साखळीत आपल्याला नेणारा बहुतेक वेळा ठग नसतो, तो आपलाच भाचा, जावई किंवा कामावरचा सोबती असतो. तो स्वतः फसलेला असतो, पण त्याला ते ठाऊक नसते. आणणारा प्रामाणिक आहे म्हणून पैसा ठेवणाराही प्रामाणिक, असे आपण समजतो, आणि ठगाला नेमके तेच हवे असते. म्हणूनच त्याला पन्नास घरांत उठबस असलेला माणूस लागतो. बचत गटाची अध्यक्ष, मंडळाचा कार्यकर्ता, वस्तीतले गुरुजी यांच्याकडे तो आधी येतो. त्याला त्यांच्या खिशापेक्षा त्यांची ओळख मोठी वाटते.

कष्टकऱ्याच्या घरी जमीनजुमला नसतो. अडीअडचणीला धावून येणारी चार माणसे, हीच त्याची ठेव असते. बुडालेले साठ हजार दोन वर्षे जास्तीची पाळी करून भरून काढता येतील. पण ज्या मावशीला आपण त्यात ओढले, तिच्या दारात पुन्हा कोणत्या तोंडाने उभे राहायचे? तेव्हा ज्याच्या हाती पैसा जाणार, तो माणूस समोर येऊन आपले नाव, गाव आणि पत्ता सांगत नाही, तोवर आपल्या माणसांची नावे त्याला सांगू नका.