दूरचिकित्सा आणि स्पर्शन

वाग्भटांनी सांगितलेल्या दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी फोनवर केवळ प्रश्न उरतो. व्हिडिओवर थोडे दर्शन घडते खरे. पण पिवळ्या दिव्याखाली जिभेचा सामपणा ओळखावा कसा? तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने एप्रिल २०२० मध्ये वैद्यांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ते योग्यच झाले. जुन्या रुग्णाच्या पथ्याची, अनुपानाची विचारपूस फोनवर खुशाल व्हावी. परंतु नाडी व उदर न तपासता नव्या रुग्णास त्रिभुवनकीर्तीसारखा वत्सनाभयुक्त कल्प देणे आम्हांस मान्य नाही. औषधविक्रेते बंधूंनीही मोबाइलमधील चिठ्ठीचे छायाचित्र पाहून असे कल्प देऊ नयेत. आधी तारीख पाहावी, वैद्यांस विचारावे. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले, तर जाऊ द्यावे.