साक्ष त्यांची, निकाल आपला

आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाला लागून एक लहानसे वाचनालय आहे. एका दिवंगत शिक्षकाचा ग्रंथसंग्रह त्याच्या कुटुंबीयांनी गेल्या वर्षी या वाचनालयास अर्पण केला. त्यात ज्ञानेश्वरी होती, दासबोध होता, आणि ख्रिस्ती बोधपर म्हणता येतील अशा दोन कादंबऱ्याही होत्या. देवाच्या आवारात असली पुस्तके नकोत, अशी हरकत एका सभासदाने घेतली. दुसऱ्याने अनुमोदन दिले. दहा मिनिटांत ठराव झाला आणि पुस्तके कपाटातून बाहेर पडली. ती कोणी वाचली आहेत काय, असे आम्ही विचारले. कोणीच वाचली नव्हती. समोरच्या पक्षाला न ऐकता झालेल्या निकालाला आमच्या व्यवसायात एकतर्फी हुकूमनामा म्हणतात, आणि तो रद्द करून घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवलेली असते. आम्ही ती दोन्ही पुस्तके मागून घरी आणली आणि सावकाश वाचली. हा लेख त्या हुकूमनाम्यावरील आमचा अर्ज समजावा.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही त्या पुस्तकांची वकीलपत्रे घेतलेली नाहीत. त्यांत दोष आहेत आणि ते आम्ही सांगणार आहोत. परंतु दोष सांगण्याचा अधिकार वाचणाऱ्यास असतो, कपाट रिकामे करणाऱ्यास नव्हे.

पहिले पुस्तक अमेरिकेचे. कॅन्सस राज्यातील टोपिका गावच्या चार्ल्स शेल्डन नावाच्या धर्मोपदेशकाने १८९६ साली रविवारच्या संध्याकाळी आपल्या मंडळीपुढे एक कथा प्रकरणाप्रकरणाने वाचून दाखविली. ‘इन हिज स्टेप्स’ हे तिचे नाव. ती प्रथम एका साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली, पण स्वामित्वहक्काची नोंद सदोष राहिली. परिणामी अनेक प्रकाशकांनी ती विनापरवाना छापली, लाखो प्रती खपल्या आणि लेखकाच्या पदरी त्या मानाने फारच थोडे पडले. ज्याच्या नायकाने लाभहानीचा विचार सोडून वागावयाचे असे ठरविले, त्याच्या लेखकावर नियतीने तीच पाळी आणावी, हा योग आम्हांस मोठा मार्मिक वाटला.

कथा थोडक्यात अशी. एका सुखवस्तू चर्चचा धर्मगुरू शुक्रवारी सकाळी प्रवचन लिहीत बसला असता दारात एक बेकार इसम येतो. तो छापखान्यातील खिळे जुळविणारा. नवे लायनोटाइप यंत्र आले आणि त्याचे काम गेले. धर्मगुरू गोड शब्दांत त्याची बोळवण करतो. रविवारी तोच मनुष्य भर प्रार्थनामंदिरात उठतो आणि शांतपणे विचारतो की, तुम्ही ज्या प्रभूच्या मागे जाण्याची गाणी गाता, त्याच्या मागे जाणे म्हणजे तुमच्या मते नक्की काय? बोलता बोलता तो कोसळतो आणि आठवड्याच्या आत मरण पावतो. मग धर्मगुरू आपल्या मंडळींस आवाहन करतो की एक वर्षभर, ‘माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केले असते?’ असे स्वतःस विचारल्यावाचून कोणतीही गोष्ट करू नये.

हा प्रश्न चांगला आहे. त्यातील नाव बदलून तो आमच्या महाजनांच्या आणि विश्वस्तांच्या बैठकीत रोज विचारला गेला तर देवस्थानांचे हिशेब पुष्कळ स्वच्छ होतील. पण कादंबरी म्हणून पुस्तक पुढे जाऊ लागते तसे ते ढिले पडते. वृत्तपत्राचा मालक मुष्टियुद्धाची बातमी छापीत नाही, दारूच्या जाहिराती नाकारतो, रविवारचा अंक बंद करतो. साहजिकच पत्र बुडीत निघते. आता खरी कसोटी लागणार, असे वाचकास वाटते, तोच एक श्रीमंत वारसदार तरुणी पुढे होऊन आपल्या संपत्तीतील प्रचंड रक्कम त्या पत्रास देऊन टाकते! लेखकाने नीतीची हुंडी काढली आणि वेळेवर आपणच ती वटविली.

याउलट त्याच पुस्तकात पॉवर्स नावाचा रेल्वेच्या कारखान्याचा अधिकारी आहे. कंपनी वाहतुकीचा कायदा मोडीत असल्याचे कागद त्याच्या हाती येतात. तो राजीनामा देतो आणि पुन्हा तारयंत्रावर बसण्याची हलकी नोकरी पत्करतो. घरची माणसे त्याला समजून घेत नाहीत. त्याच्या मदतीला कोणी वारसदार येत नाही. पुस्तक मिटल्यावर स्मरणात राहतो तो हाच मनुष्य. याचे कारण उघड आहे. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. ते नुकसान पुढे कोणा सावकाराने भरून दिल्याचे कोणीही चरित्रकार सांगत नाही. भरून मिळाले असते तर ती इंद्रायणीची गोष्ट राहिली नसती, व्यापाराची झाली असती.

आमचा या वाङ्मयप्रकारावर मुख्य आक्षेप आहे तो हा. त्यात लेखक साक्षीदारही असतो, वकीलही असतो आणि न्यायाधीशही. निकाल आधी लिहिलेला असतो आणि पुरावा मागाहून जमविलेला असतो. परंतु हा आक्षेप केवळ ख्रिस्ती लेखकांवर घेणे अन्यायाचे होईल. सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाण्याच्या नौकेत धनाची पाने-वेली होतात आणि शरण जाताच पुन्हा धन होते. व्रतकथा म्हणून ते शोभते, कारण तेथे फल सांगणे हाच विधीचा भाग आहे. पण तोच हिशेब आमच्या उत्सवांच्या स्मरणिकांतून आजची गोष्ट म्हणून छापला जातो, नवस फेडणाऱ्यास बढती आणि विसरणाऱ्यास आजार, तेव्हा आम्ही माना डोलावतो. शेल्डनची वारसदार तरुणी आम्हांस खटकते आणि स्मरणिकेतील बढती खटकत नाही, हे कोणत्या न्यायाने?

दुसरे पुस्तक आमच्या घरचे. ‘यमुनापर्यटन’, सन १८५७. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. लेखक बाबा पदमनजी. यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. पुढे १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुस्तकाचे उपनाम ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे. यमुना आपल्या पतीबरोबर गावोगाव प्रवास करते आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरातील मोलकरीण होऊन राहिलेली, कोणी फसविली गेलेली. शेवटी यमुनेवरही वैधव्य येते. ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी विवाह करते.

निकाल ठरलेला आहे, यात संशय नाही. पुष्कळ संवाद मिशनच्या प्रश्नोत्तरीसारखे चालतात. ज्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात किंवा पंढरपुरात शोधावयास हवे होते, त्याचे उत्तर लेखकाने बाप्तिस्म्यात शोधले. तो निकाल आम्हांस मान्य नाही. पण साक्षीचे काय?

न्यायालयात हितसंबंधी साक्षीदार म्हणून एक प्रकार असतो. फिर्यादीचा भाऊ किंवा जमिनीचा वाटेकरी. त्याची साक्ष केवळ त्याच्या हितसंबंधापायी फेकून देता येत नाही. ती अधिक काळजीने पारखावयाची, इतर पुराव्याशी ताडून पाहावयाची आणि टिकली तर स्वीकारावयाची. बाबा पदमनजी हे हितसंबंधी साक्षीदार होते, हे मान्य. आता त्यांची साक्ष इतर पुराव्याशी ताडून पाहू.

पहिला पुरावा कायद्याचा. त्यांच्या पुस्तकाच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याने पुनर्विवाह वैध ठरविला खरा, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेतील तिचा हक्क, जणू ती मेलीच आहे असे मानून, संपविला. कलम वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्या समाजाविषयी असे कलम लिहिले जाते, त्यातील विधवेचे दुःख मिशनऱ्याच्या कल्पनेतून निघालेले नसते.

दुसरा पुरावा आमच्याच पक्षाचा, म्हणून अधिक वजनाचा. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली. तिची नायिकाही यमुनाच. तिच्यावरही वैधव्य येते, तिचेही केशवपन होते, तेही बळजबरीने, घरातल्याच थोरांच्या हातून. हरिभाऊंस कोणाला बाटवावयाचे नव्हते. तरी तेहतीस वर्षांनी त्यांनी तीच साक्ष दिली. फरक एवढाच की त्यांनी निकाल लिहिला नाही. त्यांची यमू कोणत्याही धर्माच्या आश्रयाने सुटत नाही. ती मरते, आणि प्रश्न वाचकाच्या दारात उभा राहतो. पदमनजींच्या यमुनेची हकीगत वाचून हिंदू वाचक ‘हा मिशनचा डाव’ असे म्हणून सुटू शकत होता. हरिभाऊंनी ती पळवाट बंद केली. कलेच्या दृष्टीने आपटे श्रेष्ठ का, याचेही उत्तर यातच आहे. पण पहिली साक्ष पदमनजींची, आणि ती खरी ठरली, हे कबूल केल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा पुरावा आपल्या डोळ्यांदेखतचा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पती वारल्यावर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. शासनाने तोच कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ठरावाबद्दल त्या गावाचे अभिनंदन. परंतु ‘यमुनापर्यटना’नंतर १६५ वर्षांनी असा ठराव करावा लागला, याचा अर्थ काय? आणि आमच्या देवस्थानांच्या हळदीकुंकवास आजही कोण बोलावली जाते, कोण खांबाआड उभी राहते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल, ‘आमच्या भीतीला कारण आहे.’ आहेच. गोमंतकीय वाचकास तर ते शिकवावयास नको. सोळाव्या शतकात साष्टी-बारदेशांतील देवळे मोडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. १५६० साली आलेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे गेले. ज्यांचे देव रात्री नदी ओलांडून आले, त्यांनी परक्या धर्माच्या पुस्तकाकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच इतिहासाचे दुसरे पान पाहावे. १६१६ साली रायतूर येथे फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. म्हणजे सत्तेने आपल्याच धर्माच्या पुराणाच्या जिभेवर पाय ठेवला. त्या पुराणाच्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांनी ते तगले आणि १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापले गेले. भाषेवर आणि ग्रंथांवर हुकूम चालविणे हे त्या राजवटीचे काम होते. ज्यांनी तिचे घाव सोसले त्यांनी तिची रीत उचलावी काय?

आणि भीती नक्की कशाची? मनुष्य धर्म सोडतो तो कादंबरी वाचून नव्हे, दारातून परतविले गेल्यावर. शेल्डनच्या खिळे जुळविणाऱ्यास चर्चच्या दारात जे मिळाले, तेच चोखोबांस पंढरीच्या दारात मिळाले होते. त्या दारासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. तेव्हा ‘पांडुरंगाने काय केले असते?’ हा प्रश्न आमच्यातही विचारला गेला आहे. तो ख्रिस्त्यांची मिरास नाही. मात्र तो विसरावयाचा आणि दुसऱ्याने आठवण दिली तर पुस्तक कपाटाबाहेर काढावयाचे, हा धर्माभिमान नव्हे. ही कर्जदाराची युक्ती झाली, जो हिशेबाची वही दिसली की दिवा मालवितो.

तात्पर्य, आमचे मागणे साधे आहे. ती दोन्ही पुस्तके कपाटात परत जावीत. ‘यमुनापर्यटना’च्या शेजारी ‘पण लक्षात कोण घेतो’ ठेवावे, म्हणजे साक्षीची पडताळणी वाचकास तेथल्या तेथे करता येईल. ज्यांना पुस्तकांचा निकाल अमान्य असेल त्यांनी समासात तसे लिहावे, आम्हीही लिहिले आहे. आणि हरकत घेणाऱ्या सभासद महाशयांना आमची एवढीच विनंती की पुढील बैठकीस येण्यापूर्वी दोहोंपैकी एक तरी पुस्तक त्यांनी वाचावे. शक्य असल्यास घरातील एखाद्या विधवा बहिणीस किंवा मावशीस मोठ्याने वाचून दाखवावे. तिने ऐकून जे सांगितले ते त्यांनी बैठकीत जसेच्या तसे निवेदन करावे. त्यानंतर बैठक जो निकाल देईल तो आम्ही विनातक्रार मान्य करू.