फक्त दोन आठवड्यांसाठी

"खाला, आज रेड आहे. सहा ते नऊ मला हाक मारू नका," असं माझा भाचा पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा आमच्या ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. रेड म्हटल्यावर त्यांना आधी इन्कम टॅक्सवाले आठवले. आमच्या घरात धाड घालण्यासारखं आहे काय, हा प्रश्न वेगळा.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. कराडहून इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आला आणि होस्टेलच्या जेवणाला कंटाळून दुसऱ्या वर्षी आमच्याकडे राहायला आला. आम्ही शनिवार पेठेत राहतो. (हे सांगितलं की नात्यातली माणसं हमखास विचारतात, "शनिवारात? कोंढव्यात नाही?" नाही, शनिवारातच. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी इथल्या एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. वाडा गेला, इमारत आली, आम्ही आहोत तिथेच आहोत.) ओंकारेश्वराच्या बाजूने नदीपात्रात उतरणारा रस्ता आमच्या गॅलरीतून दिसतो. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना तिथे संध्याकाळी ढोलताशा पथकांचा सराव चालतो. तो आवाज भाच्याच्या माइकमधून थेट ऑस्ट्रेलियात पोचायचा आणि तिथली मंडळी विचारायची, तुमच्याकडे खरोखरची लढाई चालू आहे का?

तर हा खेळ. नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. २००४ साली अमेरिकेत निघाला आणि अजून चालू आहे. आपल्या मुलांचं ते पबजी किंवा बीजीएमआय वेगळं. त्यात चौघं जण आणि चौघांच्याही हातात बंदूक. इथे कामं वाटून दिलेली असतात. वीस माणसांची तुकडी एखाद्या राक्षसावर चालून जाते तेव्हा त्यात दोघे असतात 'टँक', म्हणजे ढाल. राक्षसाचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायचं आणि मार खायचा. चार-पाच 'हीलर', ते लांब उभे राहून सगळ्यांच्या जखमा भरतात. उरलेले मारणारे. अशा मोहिमेला रेड म्हणतात आणि नेहमी एकत्र मोहिमा करणाऱ्या गटाला गिल्ड. भारतासाठी वेगळा सर्व्हर नाही, म्हणून हा ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हरवर खेळतो. याच्या गिल्डमध्ये पर्थ, सिंगापूर, क्वालालंपूर इथली माणसं आहेत. त्यांची रात्र ती आपली संध्याकाळ. मगरीबच्या वेळी दहा मिनिटांची सुट्टी त्याने पहिल्या दिवशीच मागून घेतली होती. आता त्या दहा मिनिटांत सगळं गिल्ड चहा-कॉफी करून घेतं.

भाच्याचं पात्र 'ड्रुइड' जातीचं. या जातीची गंमत अशी की तो अस्वल झाला की ढाल होतो, मांजर झाला की ओरबाडतो, घुबडासारखा झाला की लांबून जादूने मारतो आणि झाडापानांची विद्या वापरली की जखमा भरतो. एका माणसात चार माणसं. भाच्याला अस्वल व्हायला आवडायचं. दोन वर्षं तो अस्वलच होता. "सगळे माझ्या मागे उभे असतात, खाला. मी पडलो तर सगळे पडतात." हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की इंजिनिअरिंगच्या निकालाच्या दिवशीही तसा कधी पाहिला नाही.

जुलैमध्ये त्यांची एक हीलर गेली. पर्थमधली दोन लेकरांची आई, तिची कामाची पाळी बदलली. रेडच्या मधोमध ढाल उभी आहे, राक्षस मारतोय आणि जखमा भरायला माणूस कमी, अशी अवस्था. सगळे मेले. (मरतात आणि पुन्हा उठून पहिल्यापासून सुरू करतात, काळजी नसावी.) गिल्डचा म्होरक्या म्हणाला, ड्रुइड, तू जरा हीलिंगवर जा. ढाल दुसरा कोणीतरी होईल. फक्त दोन आठवड्यांसाठी, नवीन हीलर मिळेपर्यंत.

लढाई चालू असताना भूमिका बदलता येत नाही. दोन लढायांच्या मधल्या वेळात मात्र ते काही सेकंदांचं काम आहे. मी त्या दिवशी त्याला भजी द्यायला गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. अस्वलाचं चित्र गेलं, पडद्यावरची सगळी बटणं बदलली आणि वीस जणांनी एकेक करून 'तयार' म्हणून खूण केली. मला वाटलं, किती सोपं आहे!

पूर्वी ते इतकं सोपं नव्हतं, असं भाच्यानेच सांगितलं. सुरुवातीच्या काळात भूमिका बदलायची तर खेळातल्या शहरात जाऊन गुरूला सोन्याची नाणी मोजावी लागायची. पहिल्यांदा एक, मग पाच, मग दर खेपेला पाच जास्त, असं पन्नासपर्यंत. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने सोय केली, की एकदाच हजार नाणी भरा आणि दोन भूमिका कायम जवळ ठेवा. २०१६ पासून तर सगळ्या भूमिका फुकट, हव्या तेव्हा. लोक खूश झाले. मला मात्र तेव्हापासून वाटतंय, की जोवर पन्नास नाणी पडत होती तोवर "तू जरा बदल" असं म्हणायच्या आधी म्होरक्या निदान विचार तरी करत असेल. फुकट झाल्यावर मागणाऱ्याचा संकोच गेला आणि नाही म्हणणाऱ्याची सबब गेली.

दोन आठवड्यांचे सात झाले. नवीन हीलर शोधण्याची घाई कोणालाच राहिली नाही, कारण काम चाललं होतं आणि उत्तम चाललं होतं. मी विचारलं, दुसऱ्या कोणाला का नाही सांगत? तर म्हणे, तुकडीत चार मेज आहेत, म्हणजे जादूगार. त्यांना तीन प्रकारच्या विद्या येतात, पण तिन्ही मारण्याच्याच. त्यांना सांगून उपयोग काय? मला आमचे धाकटे दीर आठवले. त्यांना चहा करता येत नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना चहा करायला कोणी सांगितलेलं नाही.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी गिल्डने तो राक्षस मारला. सहा आठवडे झुंजत होते. खाली नदीपात्रात ढोल, वर याच्या खोलीत आरडाओरडा, मी आणि माझी दहावीतली लेक दारात उभ्या. राक्षस मेला की काही वस्तू पडतात आणि त्या वाटायचा नियम असतो. जो ज्या कामावर आहे त्याला त्या कामाची वस्तू आधी. जोडकामासाठी मागणाऱ्याला उरलं तर. हल्ली अंगावरचे कपडे बहुतेक दोन्ही कामांना चालतात, पण हत्यार आणि ताईतासारखे दोन दागिने यांचा फरक पडतो. त्या दिवशी ढालीच्या कामाचा ताईत पडला. दोन वर्षं भाचा त्याच्यासारख्या ताइताची वाट पाहत होता. यादीत त्याच्या नावापुढे आता 'हीलर' लिहिलेलं होतं. ताईत नव्या ढालीला गेला.

भाचा काही बोलला नाही. "अभिनंदन" असं टाइप केलं, लॅपटॉप मिटला आणि जेवायला आला. वरण वाढताना मी पाहिलं, तो ताटाकडे बघत होता, खात नव्हता.

खेळातला ताईत तो, त्याचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही एरवी तेच म्हटलं असतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण भाचा नव्हता.

२०१६ साली मी अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात हिशेब लिहायचे. दुपारी बारा ते सहा, घरापासून चालत दहा मिनिटं. त्या वर्षी सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात मला दोन्ही यायचं, हिशेबही आणि आजाऱ्याचं करणंही, कारण माहेरी दादीचं मी केलं होतं. ह्यांना एकच येत होतं. दिरांना तर सांगितलंच काय येतं ते. मी दुकानात सांगून आले, महिन्याभरासाठी सुट्टी द्या. मालक भला माणूस, म्हणाले, घ्या. महिन्याचे सहा झाले, सहाची वर्षं झाली. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी वाईटही वागलं नाही. सासूबाई तर मला लेकीसारखं वागवतात. फक्त "आता तू परत जा" असं म्हणायची वेळ कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. मधल्या काळात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मला येत होते ते हिशेब जगातून गेले.

दुसऱ्या दिवशी जेवताना भाच्याचा विषय निघाला. आमचे हे क्रिकेटवाले. म्हणाले, "राहुल द्रविडकडे बघ. २००३ च्या वर्ल्ड कपला संघात एक जादा फलंदाज बसावा म्हणून त्याने ग्लोव्हज घातले. कधी तक्रार केली?"

भाचा म्हणाला, "पण खालू, त्याची बॅटिंग कोणी काढून घेतली नाही. तो कीपिंगही करत होता आणि फलंदाजही होता. आणि पुढे धोनी आला तेव्हा ग्लोव्हज सुटले ना त्याचे? माझा धोनी कोणी शोधतच नाहीये."

सासरे इतका वेळ ऐकत होते. ते सहसा अशा गप्पांत पडत नाहीत. म्हणाले, "हजरत उमर रजिअल्लाहु अन्हु फजरच्या नमाजात जखमी झाले, तेव्हा त्यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांचा हात धरून त्यांना पुढे उभं केलं. नमाज थांबली नाही. मागच्या सफेत ज्याला येतं असा माणूस उभा असावा लागतो, तो याचसाठी. पण त्यानंतर त्यांनी काय केलं? नवा खलिफा निवडेपर्यंत नमाज पढवायला सुहैब यांना सांगितलं. किती दिवस? तीन. मुदत सांगून ठेवली." आणि भाच्याकडे बघून, "तुझ्या त्या म्होरक्याने मुदत सांगितली होती?"

"दोन आठवडे."

"मग त्याला आठवण कर. त्यात भांडण कसलं?"

भाच्याने त्या रात्री इंग्रजीत लांबलचक निरोप लिहिला आणि मला वाचून दाखवला. मी त्यातली माफी मागणारी तीन वाक्यं काढायला लावली. ३१ ऑगस्टपर्यंत मी हीलर. १ सप्टेंबरपासून अस्वल. तोवर गिल्डमधला पॅलाडिन आणि मंक, म्हणजे ज्यांच्या जातीला जखमा भरता येतात पण कोणी सांगितलं नाही म्हणून शिकले नाहीत असे दोघे, यांना मी दर शनिवारी एक तास शिकवीन. म्होरक्याचं उत्तर आलं, ठीक आहे, मला वाटलं तुला आवडतंय. पॅलाडिन शिकला. मंक दोन शनिवार आला आणि गिल्ड सोडून गेला. असो.

आता घरचं. सासूबाईंना रोज रात्री जेवणाआधी इन्सुलिन द्यावं लागतं. आठ वर्षं ते मीच देते. १ सप्टेंबरचं भाच्याचं ऐकून मीही जेवताना म्हणून टाकलं, की मलाही एक तारीख हवी. कोणाला कळलं नाही कशाची. समजावून सांगावं लागलं, आणि सांगताना माझाच आवाज बदलला. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते पेन कसं फिरवतात, दाखव."

तीन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. पेनचा आकडा फिरवताना टिक टिक वाजतं, ते मोठ्याने मोजायचे. चौथ्या दिवशी सुई बदलली, आईच्या पोटाची चिमूट धरली आणि थांबले. कपाळावर घाम. सासूबाई म्हणाल्या, "बाबा, मैं तेरे को जनी हूँ. सुई से नहीं मरती." दिली. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार हे देतात. दीर रविवारी कोंढव्याहून येतात, त्यांनाही पेन दाखवलंय. अजून लांबूनच बघतात.

१ सप्टेंबर उलटल्यावरच्या पहिल्या रेडला भाचा पुन्हा अस्वल झाला आणि पहिल्याच मिनिटाला मेला. दोन महिन्यांत हात विसरला होता. ताईत नाही, सराव नाही. सगळं गिल्ड हसलं, तोही हसला, आणि पुन्हा उठला.

मी दुकानात जाऊन आले. मालक आता मुलाच्या हाती कारभार देऊन नुसते बसतात. मुलगा म्हणाला, मॅडम, जीएसटीआर-वन आणि थ्री-बी भरता येतं का? म्हटलं नाही. म्हणाला, मग आधी शिकून या, जागा आहे. क्लास सदाशिव पेठेत आहे, संध्याकाळी साडेसहा ते आठ, सोमवार आणि गुरुवार. बुधवारी ठेवता येत नाही का, असं भाच्याने विचारलं. मी म्हटलं, बुधवारी तुला भजी कोण देईल? तर म्हणाला, "मी करीन ना. बेसन कुठे असतं ते सांगा फक्त."