७/१२ लिहिलं की एक्सेल तारीख का करतं? आणि ही 'हुशारी' एवढी महागात का पडते?

एक्सेलची नवी शीट उघडा. कोणत्याही सेलमध्ये ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा.

सातबारा गायब. त्या जागी ७ डिसेंबर किंवा १२ जुलै ही तारीख आलेली दिसेल. यातली कोणती येणार, हे तुमच्या कॉम्प्युटरची सेटिंग भारतीय आहे की अमेरिकन, यावर ठरतं.

आता वैतागून त्या सेलचा फॉरमॅट बदला आणि 'टेक्स्ट' करा. सातबारा तरीही परत येत नाही. येतो एक पाच आकडी नंबर. ७ डिसेंबर २०२४ ही तारीख असेल तर ४५६३३.

गट नंबर १२/३ असो, फ्लॅट नंबर ३/४ असो, गत तीच. ऑफिसात काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी यावर डोकं आपटलंय. सोशल मीडियावर याचे विनोदही भरपूर होतात. पण स्प्रेडशीट आपल्याला न सांगता परस्पर काहीतरी करून मोकळी होते, या एका सवयीची किंमत जगाने विनोदापलीकडे जाऊन मोजली आहे.

एक्सेल असं करतं तरी का?

एक्सेलच्या पोटात तारीख नावाची वेगळी गोष्ट नसते. प्रत्येक तारीख हा एक नंबर असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, पुढचा दिवस म्हणजे २, अशी मोजणी चालू राहते. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी करून किती दिवस झाले, हे चटकन काढता येतं.

स्प्रेडशीट जन्माला आली तीच हिशेबासाठी. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये 'व्हिसिकॅल्क' आणलं. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं १९८५ मध्ये, तेही आधी ॲपलच्या मॅकवर. हिशेब करणाऱ्या माणसाने तिरकी रेघ देऊन दोन आकडे लिहिले, तर ती तारीखच असणार, असा अंदाज या सॉफ्टवेअरने बांधला. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो आणि आपले कष्ट वाचतात.

अडचण अंदाज चुकला की सुरू होते. कारण एक्सेल त्या वेळी 'ही तारीख आहे का?' असं विचारत नाही. बदल करतं आणि गप्प बसतं.

रोजच्या कामात फटका कुठे बसतो?

पहिला फटका शून्याला. बँक खात्याचा नंबर शून्याने सुरू होत असेल तर पुढची सगळी शून्यं उडतात. एक्सेलच्या लेखी ००१२ आणि १२ यांत काहीच फरक नाही. बँकेच्या लेखी मात्र असतो.

दुसरा फटका मोठ्या नंबरांना. १२ आकडी आधार नंबर साध्या सेलमध्ये टाकला की तो '२.३४५६८ई+११' अशा वैज्ञानिक रूपात दिसू लागतो. तोवर आतला नंबर शाबूत असतो. पण हीच फाइल 'सीएसव्ही' म्हणून सेव्ह केली, तर स्क्रीनवर जे दिसतंय तेच सेव्ह होतं. म्हणजे नंतरचे आकडे कायमचे गेले. शिवाय एक्सेल नंबरातले पहिले १५ आकडेच जपतं. १६ आकडी कार्ड नंबर टाकला तर शेवटचा आकडा शून्य होतो.

तिसरा फटका खाली ओढण्याचा. एकाच शाखेचा आयएफएससी कोड सगळ्यांना लावायचा म्हणून सेलचा कोपरा पकडून खाली ओढला, की शेवटचा आकडा ओळीगणिक एकेकाने वाढत जातो. पहिल्या माणसाचा कोड बरोबर, बाकी सगळ्यांचे वेगळेच.

चौथा फटका सर्वात फसवा. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल आणि तुम्ही ०५/०८/२०२४ लिहिलं, तर एक्सेल ती ८ मे समजतं. पण १३/०८/२०२४ लिहिलं, तर तेरावा महिना नसल्याने ते नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा उलट्या, काही तारखाच नाहीत. आणि वरवर बघणाऱ्याला कॉलम एकदम व्यवस्थित दिसतो.

इंग्लंडमध्ये १५,८४१ रुग्ण कुठे गेले?

ऑक्टोबर २०२०. इंग्लंडमध्ये कोरोनाची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून आलेले पॉझिटिव्ह रिपोर्ट 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही सरकारी संस्था एकत्र करत होती. त्यासाठी वापरला जात होता एक्सेलचा जुना 'एक्सएलएस' फॉरमॅट.

या जुन्या फॉरमॅटमध्ये एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या फॉरमॅटमध्ये १०,४८,५७६ मावतात. त्यात एका रुग्णाची माहिती अनेक ओळींत जात होती. जागा संपली, पुढचे रुग्ण शीटमध्ये आलेच नाहीत.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. त्या रुग्णांना त्यांचा रिपोर्ट मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण आलं होतं, हे शोधणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची नावं वेळेत पोचली नाहीत. ज्यांना 'घरीच थांबा' असं सांगायला हवं होतं, त्यांना ते कळलंच नाही.

शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले ते कसे?

माणसाच्या काही जनुकांची नावं इंग्रजीत 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती. एक्सेलने ती १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकली. २००४ मध्येच संशोधकांनी याबद्दल लेखी इशारा दिला होता. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या.

शेवटी २०२० मध्ये जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने नवे नियम जाहीर केले. 'मार्च१' झालं 'मार्चएफ१' आणि 'सेप्ट१' झालं 'सेप्टिन१'. अशी २७ जनुकांची नावं वर्षभरात बदलली गेली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकाचं बारसं पुन्हा करणं सोपं ठरलं!

मग चूक नेहमी एक्सेलचीच असते का?

नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० मधला निबंध याचं गाजलेलं उदाहरण. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ घसरते, असं त्यात म्हटलं होतं. युरोपात सरकारी खर्चाला कात्री लावण्याचे समर्थक या निबंधाचा दाखला देत.

२०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन याने मूळ शीट मागवून पाहिली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात २० पैकी ५ देश निवडलेच गेले नव्हते. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांच्या फेरमोजणीत उणे ०.१ टक्के असलेली सरासरी वाढ २.२ टक्के निघाली. यातला मोठा फरक माहिती निवडण्याच्या आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीमुळे होता, फॉर्म्युल्याचा वाटा लहान होता. मूळ लेखकांनी फॉर्म्युल्यातली चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही.

इथे चूक माणसाची. पण ती तीन वर्षं लपली, कारण सुटलेल्या पाच ओळींबद्दल शीट काही बोलली नाही. उत्तर आलं, नीटनेटकं दिसलं, म्हणून खरं वाटलं.

मायक्रोसॉफ्ट हे दुरुस्त का करत नाही?

जुन्या फाइल मोडू नयेत म्हणून. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. तरी एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे! ही चूक मुळात 'लोटस १-२-३' या त्या काळच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरची. त्यातल्या फाइल एक्सेलमध्ये नीट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून तशीच घेतली. आता ती काढली तर जगभरच्या शीटमधल्या तारखा एका दिवसाने सरकतील.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र कंपनीने आपोआप होणारे काही बदल बंद करण्याची सोय दिली. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'डेटा' इथे ती सापडते. शून्य उडणं, मोठे नंबर वैज्ञानिक रूपात जाणं, 'मार्च१'ची तारीख होणं, हे तिथून थांबवता येतं.

तुम्ही काय करू शकता?

सातबारा, खाते नंबर, आधार, मोबाइल नंबर यांची कधी बेरीज होत नाही. ज्याची बेरीज होत नाही, तो कॉलम माहिती भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नंतर केलेला उपयोगाचा नाही. एखाद्याच सेलपुरतं हवं असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह द्या आणि मग ७/१२ लिहा. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करण्याऐवजी 'डेटा' टॅबमधून ती आत घ्या आणि कोणता कॉलम टेक्स्ट हे तिथेच सांगा. आणि शीट पुढे पाठवण्याआधी मूळ यादीत किती नावं होती आणि शीटमध्ये किती ओळी आहेत, एवढं मोजा. इंग्लंडमधले रुग्ण या मोजणीत लगेच सापडले असते.

शीट भरणाऱ्याला उशीर झाला तर साहेबांची बोलणी बसतात. पण ज्याच्या खात्याचं शून्य उडालं किंवा ज्याच्या गट नंबरची तारीख झाली, त्या माणसाने ती शीट कधी पाहिलेलीच नसते. पैसे का आले नाहीत, यादीत नाव का नाही, हे विचारत तो खिडकीपाशी उभा राहतो आणि त्याला उत्तर मिळतं, 'सिस्टीममध्ये असंच दाखवतंय.'