होडी सारखी, हात वेगळा

परवा रोबो-स्पर्धेत आमची टीम पहिल्याच फेरीत गारद! समोरच्यांची एक मोटर आमच्या अख्ख्या रोबोपेक्षा महाग. तेव्हा मला 'लेझर' आठवली. ब्रूस कर्बी यांनी १९६९ साली रेखाटलेली एकट्याने हाकायची शिडाची होडी. लांबी सव्वाचार मीटर, शीड एकच, सुमारे ७ चौरस मीटर. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे; आता नाव 'आयएलसीए ७'.

नियम साधा: होडी सगळ्यांची सारखी, आकाराला हात लावायचा नाही. जिंकतो तो वारा ओळखणारा, पैसेवाला नव्हे.

"मग इंजिनिअरने काय करायचं?" मित्र विचारतो. अरे, पन्नास वर्षं आकार बदलावा लागू नये, असं डिझाइन करायचं!

आपल्याकडेही एक गट ठेवा: मोटर तीच, बॅटरी तीच. हरलो तर निदान स्वतःच्या चुकीने हरू.