खडे निवडायचे कोणी?

ई-मेलची पेटी भरून वाहते अशी तक्रार केली की घरातली तरुण मंडळी एकच उत्तर देतात, "आत्या, फिल्टर लाव!" लावलेत हो. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायचा, त्याच्या मेलला चांदणी आणि लेबल लावायला सांगायचं, स्पॅममध्ये टाकू नको म्हणून खूण करायची. सोपं आहे. ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करावं. पण दुकानदाराने खडे मिसळायचे आणि निवडत आपण बसायचं, हे मला मान्य नाही.

फिल्टर बघतो काय? पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मजकुरातले शब्द. आता एकाच पत्त्यावरून हयातीच्या दाखल्याची आठवणही येते आणि कर्जाची जाहिरातही, वर दोन्हींच्या माथ्यावर 'महत्त्वाचे'! त्या बिचाऱ्या फिल्टरने करायचं काय?

"मग यंत्रालाच ठरवू दे", हेही ऐकते. जीमेलने २०१० साली महत्त्वाच्या मेल्स वेगळ्या काढायची सोय आणली, २०१३ मध्ये जाहिरातींचा कप्पा वेगळा केला. उपयोग होतो, नाही कशाला म्हणू? पण आपण कोणाच्या मेल्स उघडतो, कोणाला उत्तर देतो, यावरून यंत्र अंदाज बांधतं. दाखल्याची आठवण येणार वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या सुमारास, आणि 'या मेलला उत्तर देऊ नये' असं तिच्यातच लिहिलेलं. सवयीच्या मापाने ती हलकीच भरणार. दाखला राहिला तर पेन्शन थांबते. जाहिरात वाचायची राहिली तर कोणाचं काय थांबतं?

टपालखात्याला हे केव्हाच कळलं होतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच माणसाच्या कल्पनेतून. विठ्ठलवाडीच्या पत्रावर ४२१ ने सुरू होणारे सहा आकडे लिहायचे ते पाठवणाऱ्याने. पत्र शोधायला आम्हाला कल्याणला जाऊन थैल्या उपसाव्या लागल्या नाहीत. एसएमएसच्या बाबतीतही २०२५ मध्ये ट्रायने पाठवणाऱ्याच्या नावामागे अक्षर सक्तीचं केलं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. मग ई-मेललाच सूट का?

परीक्षेत उत्तराआधी प्रश्नक्रमांक विद्यार्थ्याने घालायचा असतो. शाळेतल्या पोराकडून आपण जी शिस्त मागतो, ती एवढ्या मोठ्या कंपन्यांकडून मागायला लाजायचं कशाला? जाहिरातीचा पत्ता वेगळा, मुदतीच्या सूचनेचा वेगळा, आणि विषयाच्या ओळीत काम व शेवटची तारीख. बास, एवढंच. मग माझा फिल्टर माझं काम चोख करील.

आपल्या नात्यातली आणि ब्लॉगवरची निम्मी मंडळी अशा मेल्स पाठवणाऱ्या कंपन्यांतच नोकरीला आहेत. आत्याला फिल्टर शिकवून झाला असेल, तर आता हे जरा आपल्या साहेबांच्या कानावर घाला.